१०१ : पेठेतल्या बोळापर्यंत पोहोचणाऱ्या सेवेचे परीक्षण

पुणे महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाची सेवा कशी आहे, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे की दल वेळेत येते, काम नेटके करते, माणसांशी नीट बोलते, आणि त्याच्या वाटेतला सर्वांत मोठा अडसर असतो तो आपल्याच दारापुढचा शेवटचा शंभर फुटांचा रस्ता. हे मत मी नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीत लागलेल्या आगीच्या अनुभवावरून आणि त्यानंतर सोसायटीच्या कामानिमित्त दलाशी आलेल्या संबंधांवरून बनवले आहे. ज्या सेवेसाठी आपण आयुष्यात कदाचित एकदाच फोन करतो, तिची पारख आधीच करून ठेवलेली बरी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमची इमारत जुना वाडा पाडून उभी राहिलेली, पाच मजल्यांची. तळमजल्यावर पार्किंग, जिन्याखाली वीजमीटरची खोली आणि वर जायला तो एकच जिना. पेठांमध्ये अशा इमारती शेकड्यांनी आहेत. पावसाळ्यातल्या एका रात्री मीटरच्या फळीतून ठिणग्या उडू लागल्या आणि बघता बघता वायरींच्या आवरणाचा काळा, घशाला झोंबणारा धूर जिन्यातून वर चढू लागला. आग मीटरच्या खोलीपुरतीच होती; धोका धुराचा होता, कारण उघडा जिना अशा वेळी धुराड्यासारखे काम करतो. १०१ लावल्यावर पलीकडून विचारलेले प्रश्न थोडके आणि नेमके होते. काय पेटले आहे, कितव्या मजल्यावर, कोणी अडकले आहे का, जवळची खूण कोणती, आणि फोन करणाऱ्याचा क्रमांक. बोलणाऱ्याच्या आवाजात घाई नव्हती, त्यामुळे आमचीही घाई थोडी कमी झाली. अग्निशमन दलाच्या बोलीत अशा खबरेला ‘वर्दी’ म्हणतात, आणि वर्दी जितकी स्पष्ट तितकी योग्य गाडी निघते, हे त्या रात्री आम्हांला समजले.

लक्ष्मी रस्त्याच्या बाजूने बंबाचा आवाज ऐकू आला तेव्हा फार वेळ गेलेला नव्हता. गाडी बोळाच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली, कारण बोळाच्या दोन्ही अंगांना दुचाक्यांची दुहेरी रांग लागलेली होती आणि मध्ये एक चारचाकी तिरकी उभी होती. जवानांनी गाड्या हलवण्यात वेळ घालवला नाही. दोघांनी होजची, म्हणजे पाण्याच्या पाइपची, गुंडाळी जमिनीवर टाकून ती बोळात सरळ लोटत नेली. साधारण पंधरा मीटरची एक लांबी संपली की तिच्या टोकाच्या कपलिंगमध्ये दुसरीचे कपलिंग दाबायचे, खट् असा आवाज आला की ओढून खात्री करायची आणि पुढे निघायचे, असे करत करत ते आमच्या फाटकापर्यंत पोहोचले. ही कामे ते एकमेकांकडे न बघता करत होते. बोळ मोकळा असता तर गाडी थेट फाटकाशी आली असती आणि गेलेली ती मिनिटे वाचली असती. सेवेच्या परीक्षणात हा मुद्दा सर्वांत वर ठेवण्याचे कारण हेच की या विलंबाची जबाबदारी दलावर टाकता येत नाही. त्या रांगेत आमच्या सोसायटीच्याही दुचाक्या होत्या.

पथकाचे प्रमुख तांडेल, म्हणजे ‘लीडिंग फायरमन’ या पदावरचे, होते. त्यांनी पहिला प्रश्न विजेचा विचारला. पुरवठा तुटल्याची खात्री होईपर्यंत त्यांनी पाण्याला हात लावू दिला नाही. महावितरणला कळवायला सांगितले आणि तोवर गाडीतली कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरून ज्वाळा दाबून ठेवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तोंडाला पदर लावून जिन्याने खाली यायला निघाल्या होत्या. एका जवानाने खालूनच मोठ्याने सांगितले, “काकू, खाली येऊ नका! घरात जा, दार लावून घ्या, दाराखाली ओला टॉवेल घाला आणि गॅलरीत उभ्या राहा. आम्ही वर येतोय.” ही सूचना कानाला उलटी वाटते, पण जिना धुराने भरलेला असताना बंद दारामागे, बाहेरच्या हवेशी राहणे हेच बहुतेक वेळा सुरक्षित असते. काकूंनी ऐकले. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र दोन जवानांनी आधार देऊन खाली आणले, कारण त्यांच्या घरातही धूर शिरला होता आणि त्यांना दम्याचा त्रास आहे.

जिन्यात शिरणाऱ्या जवानांच्या पाठीवर श्वसनाचे संच होते. दलातले लोक त्याला बीए सेट म्हणतात. पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचे सिलिंडर, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा आणि खांद्यावर दाब दाखवणारा काटा, असे त्याचे स्वरूप असते. आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपला काटा दुसऱ्याला दाखवला आणि मुखवट्याच्या कडेवरून बोट फिरवून तो नीट बसल्याची खात्री करून घेतली. सिलिंडरमधली हवा ठरावीक पातळीखाली गेली की संचाची शिट्टी वाजू लागते आणि ती वाजली की काम अर्धवट टाकूनही बाहेर पडायचे, असा नियम आहे. एका जवानाची शिट्टी वाजली तेव्हा तो तिसऱ्या मजल्यावर होता. तांडेलांनी खालून त्याचे नाव घेऊन हाक मारली आणि तो खाली येईपर्यंत ते जिन्याच्या तोंडावरून हलले नाहीत. आग विझल्यावर पंखा लावून जिन्यातला धूर बाहेर काढला गेला, प्रत्येक मजल्यावरचे दार ठोठावून चौकशी झाली आणि मीटरच्या खोलीची भिंत हाताने चाचपून आत उष्णता उरलेली नाही, हे पाहिले गेले. हे शेवटचे काम कोणी मागितले नव्हते आणि ते कोणाला दिसलेही नसते. माझ्या मनात या सेवेची किंमत याच कामाने ठरली.

ज्यांना केवळ निकाल हवा आहे त्यांनी इथे थांबले तरी चालेल. परंतु ही सेवा आज जशी आहे तशी ती का आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण पुण्याने आगीचे फार मोठे मोल मोजलेले आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला आणि ती आग आठवडाभर धुमसत राहिली. दगडी तटबंदी, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजांचे अवशेष तेवढे वाचले. सागवानी खांब, तुळया आणि छते यांचे काहीच उरले नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आणलेले पाणी शहरातल्या हौदांमध्ये येत असे. हौदातून हातांनी उपसलेल्या पाण्याने एवढ्या लाकडी इमारतीची आग आवरणे शक्य नव्हते. पुढे मे १८७९ मध्ये बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लावण्यात आल्या. बुधवार वाडा नामशेष झाला. विश्रामबाग वाड्याचा जळालेला भाग मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेची मदत यांतून पुन्हा उभा राहिला, म्हणून तो आज आपल्याला बघता येतो. आजच्या पेठांची वस्ती याच लाकूडकामाच्या वाड्यांच्या जागेवर आहे. वाडे गेले, सिमेंटच्या इमारती आल्या, पण बोळांची रुंदी बहुतेक ठिकाणी तीच राहिली.

शहराची आग विझवणे ही कोणाची मेहेरबानी नसून स्थानिक संस्थेचे बंधनकारक कर्तव्य आहे, ही गोष्ट कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली ती १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाखाली, आणि त्या अधिनियमात अग्निशमन दल राखणे हे महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत मोडते. लहान गावांनाही यातून सूट नाही. सासवड, भोर, जुन्नर यांसारख्या नगरपरिषदांवर १९६५ च्या अधिनियमाने हीच जबाबदारी टाकली आहे. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची जी कामे नमूद केली, त्यांतही अग्निशमन सेवा आहे. कर्तव्य सगळ्यांचे सारखे, पण ते पार पाडण्याची ऐपत सारखी नसते, हा या रचनेतला दोष मला गंभीर वाटतो. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि नंतर बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. याच उरुळी देवाचीत ९ मे २०१९ च्या पहाटे कापडाच्या एका दुकानाला आग लागून आत झोपलेले पाच कामगार गेले. दार बाहेरून बंद होते. अशा गावाला आपले अग्निशमन दल उभे करायला किती वर्षे मिळणार आहेत, हा प्रश्न तिथल्या रहिवाशांनी आजच विचारायला हवा.

एप्रिलमध्ये दरवर्षी १४ ते २० तारखांना अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला तेव्हा मुंबई दलाचे जवान जहाजावर आणि धक्क्यावर पाणी मारत उभे होते. त्या दिवशी दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या या सप्ताहात दलाचे लोक शाळा, कार्यालये आणि सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिके देतात. आमच्याकडे झालेले प्रात्यक्षिक सेवेचा दुसरा भाग म्हणून नोंदवण्यासारखे आहे. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवून त्यांनी प्रत्येक घरातल्या एका माणसाच्या हातात अग्निशामक दिला. पिन काढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावीउजवीकडे फिरवा, हे चार टप्पे त्यांनी बोलून दाखवले आणि मग आमच्याकडून करून घेतले. सहा किलोच्या अग्निशामकातली पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते. इतका कमी वेळ मिळतो, हे हातात धरल्याशिवाय पटत नाही. उकळत्या तेलाच्या कढईने पेट घेतला तर पाणी अजिबात ओतायचे नाही, गॅस बंद करून ताट किंवा झाकण सरकवायचे. गॅसचा वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, कारण सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचून राहतो. या गोष्टी मावशींनी आणि काकूंनी थेट प्रश्न विचारून समजून घेतल्या. प्रात्यक्षिक देणाऱ्या अधिकाऱ्याने एकाही प्रश्नाला थोडक्यात कटवले नाही.

आमच्या आगीच्या रात्रीची एक गोष्ट मात्र मला अजून अस्वस्थ करते. जिन्यात टांगलेला अग्निशामक आम्ही उतरवला तेव्हा त्याचा काटा लाल पट्ट्यात होता, म्हणजे आतला दाब गेलेला होता. नळकांड्यावर देखभाल करणाऱ्या एजन्सीचे ताजे स्टिकर होते. त्या एजन्सीच्या माणसाने नळकांडे उतरवून न बघताच स्टिकर बदलले होते आणि आम्ही पावतीवर सही केली होती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यांवर आहे, आणि ती चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. हा कायदा चांगला आहे, पण त्याची वीण कागदावर संपते. प्रमाणपत्र खरे आहे की नाही हे तपासायला जितकी माणसे लागतात तितकी कोणत्याही दलाकडे नाहीत. म्हणून सोसायटीच्या सचिवाने प्रत्येक नळकांड्याचा काटा स्वतः बघावा, ते हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा, आणि पिनेवरचे सील शाबूत असल्याची खात्री करूनच सही करावी. आम्ही ती एजन्सी बदलली.

दलाच्या उणिवांबद्दलही लिहिले पाहिजे. मंजूर पदे आणि प्रत्यक्ष भरलेली पदे यांतली तफावत हे पुण्याच्या दलाचे जुने दुखणे आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, शहराची हद्द फुगली, उंच इमारती वाढल्या, पण भरती त्या वेगाने झाली नाही. नव्या केंद्राची इमारत बांधणे तुलनेने सोपे असते. तिथे तिन्ही पाळ्यांत पुरेशी माणसे आणि चालू गाड्या ठेवणे अवघड असते. नगरसेवक उद्घाटनाची फीत कापताना दिसतात, मनुष्यबळाच्या प्रश्नावर मात्र तेवढ्या हिरिरीने बोलताना दिसत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. पाण्याचाही प्रश्न आहे. साडेचार हजार लिटरची टाकी मोठी वाटते, परंतु मिनिटाला काही शे लिटर पाणी फेकणाऱ्या एका नोझलने ती दहा मिनिटांच्या आसपास रिकामी होते. त्यामुळे मोठ्या आगीत टँकरांची रांग अखंड चालू ठेवावी लागते, आणि त्या रांगेलाही तोच अरुंद रस्ता लागतो.

२५ मे २०२३ च्या पहाटे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकडाच्या वखारी पेटल्या, तेव्हा दलाचे मध्यवर्ती केंद्र तिथून हाकेच्या अंतरावर होते. केंद्र जवळ असूनही वाळलेले लाकूड किती वेगाने आग पसरवते, हे त्या दिवशी शहराने पाहिले. २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरची दुकाने जळाली. तो भाग पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत आहे आणि बोर्डाचे स्वतःचे अग्निशमन दल आहे. मदतीला महापालिकेच्या गाड्याही गेल्या होत्या. आग आटोक्यात आणून घरी परतत असताना कॅन्टोन्मेंटच्या दलाच्या प्रमुखांचा रस्त्यात अपघाती मृत्यू झाला. रात्रभर धुरात उभे राहिलेल्या माणसाला घरी सोडायला एक गाडी आणि एक ताजातवाना चालक मिळण्याची सोय प्रत्येक दलात असावी, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. महापालिका, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), पिंपरी-चिंचवड आणि कॅन्टोन्मेंट यांची दले वेगवेगळी असली तरी मोठ्या आगीत ती एकमेकांच्या मदतीला जातात, ही या व्यवस्थेची जमेची बाजू आहे.

आग नसतानाही दलाचा फोन वाजत असतो, याची फार थोड्यांना कल्पना असते. पावसाळ्यातली झाडपडी, लिफ्टमध्ये अडकलेली माणसे, आतून कडी लागलेल्या खोलीतले लहान मूल, विहिरीत पडलेले जनावर, मांज्यात अडकलेली घार, सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी अशा वर्द्या येत राहतात आणि जवान जातात. आमच्या शेजारच्या इमारतीत एक लहान मुलगी स्वयंपाकघरात कडी लावून बसली आणि गॅसवर दूध ठेवलेले होते. आलेल्या जवानाने आधी दाराच्या फटीतून तिच्याशी गप्पा मारल्या. “बाळा, तुझं नाव काय? बरं, आता तू खिडकीपाशी जाऊन उभी राहा बघू,” असे म्हणत त्याने तिला शेगडीपासून लांब नेले आणि मगच कडी तोडली. तिची आई घाबरून सारखी “दादा, लवकर करा हो” म्हणत होती. त्याने तिलाही एकदा शांतपणे “ताई, होतंय” एवढेच सांगितले.

ज्यांना ही सेवा कधी घ्यावी लागेल त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. फोन केल्यावर पत्त्याबरोबर चौकाचे किंवा देवळाचे नाव सांगावे, कारण पेठेत घर क्रमांकापेक्षा तीच खूण लवकर सापडते. एक माणूस चौकात उभा करावा. लिफ्ट वापरू नये. मुख्य स्विच कुठे आहे हे रखवालदारासकट सगळ्यांना माहीत असावे. आग विझल्यावर विम्यासाठी दलाचा अहवाल लागतो. त्याचा अर्ज लगेच करावा, जळालेल्या वस्तू हलवण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत आणि अर्जावर वर्दीची तारीख व वेळ अचूक लिहावी. आमचा अहवाल खेटे न घालता मिळाला. बोळाचा प्रश्न आम्ही आमच्यापुरता सोडवला आहे. फाटकापासून बोळाच्या तोंडापर्यंत एका बाजूला पिवळा पट्टा मारला, त्या बाजूला गाडी लावायची नाही असा ठराव सर्वसाधारण सभेत केला आणि शेजारच्या तीन सोसायट्यांनाही तो पटवला. चौथी सोसायटी अजून तयार नाही. तिच्या अध्यक्षांशी पुढची बैठक गणेशोत्सवाआधी ठरली आहे, कारण मांडव उभे राहिल्यावर बोळात सायकलही वळत नाही.